जनावरांच्या डॉक्टरनं पोराच्या सायकलसाठी टायरमध्ये हवा भरली, पण पेटंट काही टिकलं नाही

गाडीला बाहेरून नवे टायर टाकले. पंपावर हवा किती भरायची असं विचारलं, की बरेच जण टायरवर छापलेला आकडा वाचून सांगतात. घोळ तिथंच होतो. तो का होतो, हे जॉन बॉइड डनलॉप यांच्या गोष्टीतून कळतं.

डनलॉप यांचा जन्म १८४० चा, स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्नचा. एडिनबर्गला जनावरांची डॉक्टरकी शिकून १८६७ मध्ये ते आयर्लंडला गेले. पुढं बेलफास्टमध्ये त्यांचा चांगला जम बसला.

त्यांचा मुलगा जॉनी तीनचाकी सायकल चालवायचा. चाकांना भरीव रबर आणि रस्ते दगडी, त्यामुळं पोराला हादरे बसायचे. १८८७ मध्ये डनलॉप यांनी लाकडी चकतीवर रबरी नळी बसवली, वरून कापड ठोकलं आणि फुटबॉलच्या पंपानं हवा भरली. मग ही चकती आणि सायकलचं जुनं चाक अंगणात ढकलून पाहिलं. जुनं चाक मध्येच थांबलं, हवेचं मात्र थेट फाटकाच्या खांबाला धडकलं.

१८८८ मध्ये पेटंट मिळालं. मे १८८९ मध्ये विली ह्यूम या सायकलपटूनं याच टायरवर बेलफास्टच्या शर्यती मारल्या आणि गिऱ्हाईक जागं झालं. डब्लिनच्या हार्वे ड्यू क्रॉस यांच्या सोबतीनं कंपनी निघाली.

आणि इथं माशी शिंकली. रॉबर्ट थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश माणसानं १८४५ मध्येच हवेच्या टायरचं पेटंट घेतलं होतं. त्यामुळं डनलॉप यांचं पेटंट रद्द ठरलं. १८९५ मध्ये ते कंपनीतून बाजूला झाले. पुढच्याच वर्षी धंदा ३० लाख पौंडांना विकला गेला, पण त्यातलं घबाड काही त्यांच्या हाती लागलं नाही. १९२१ मध्ये डब्लिनला ते वारले. टायरवर नाव मात्र त्यांचंच राहिलं.

आता आपल्या गाडीकडं येऊ. गाडीचं वजन मुख्यतः टायरमधली हवाच पेलते. म्हणून हवेचा आकडा गाडीच्या वजनावर ठरतो, टायरच्या ब्रँडवर नाही. टायरवर छापलेला आकडा म्हणजे कमाल मर्यादा. तुमचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो.

नवा टायर त्याच मापाचा आणि तेवढंच वजन पेलणारा असेल, तर स्टिकरचाच आकडा धरा. माप बदललं असेल, तर आधीइतकंच वजन पेलायला किती हवा लागते, हे टायर कंपनीच्या तक्त्यावरून विक्रेत्याला काढायला सांगा.

हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी तपासा. चालून तापलेला टायर जास्त आकडा दाखवतो, तेव्हा हवा सोडू नका. हवा कमी असेल तर टायर कडेनं झिजतो, तापतो आणि हायवेवर फुटूही शकतो. जास्त असेल तर मधोमध झिजतो आणि पकड कमी होते.