विजय मर्चंट : एका मताचे वजन

संघ बांधणाऱ्यापुढे एक प्रश्न कायम उभा असतो. आज सामने जिंकून देणारा नामवंत खेळाडू जपायचा, की त्याच्या जागी उद्यासाठी नवे रोप लावायचे? अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलमध्ये या प्रश्नाला उघड सौद्याचे रूप आले आहे. तेथे महाविद्यालयांतून येणाऱ्या खेळाडूंची दरवर्षी ‘ड्राफ्ट’ पद्धतीने निवड होते आणि एखादा संघ आपला मोठा खेळाडू देऊन दुसऱ्या संघाचे पुढील वर्षांतील निवडीचे हक्क पदरात पाडून घेऊ शकतो. १९८९ मध्ये डलास काउबॉइज संघाने हर्शल वॉकर हा आपला सर्वांत मोठा खेळाडू मिनेसोटा व्हायकिंग्जला दिला आणि बदल्यात काही खेळाडू व निवडीचे अनेक हक्क घेतले. त्या हंगामात डलासला सोळापैकी एकच सामना जिंकता आला. पुढे १९९२, १९९३ आणि १९९५ या हंगामांची अजिंक्यपदे मात्र त्याच संघाने पटकावली.

मुंबईच्या उपनगरांनाही या हिशेबाची थोडी ओळख आहे. इंडियन सुपर लीगच्या २०१४ मधील पहिल्या हंगामापूर्वी भारतीय खेळाडूंचा ड्राफ्ट मुंबईतच झाला. पुढच्या वर्षी मुंबई सिटी संघाने लिलावात सुनील छेत्री यांच्यासाठी १ कोटी २० लाख रुपये मोजले. तरीही त्या हंगामात संघाला उपांत्य फेरी गाठता आली नाही. २०१६ मध्ये हा संघ अंधेरीच्या मैदानावर खेळू लागला, तेव्हा तारा की तरुण हा वाद अंधेरी-जोगेश्वरीच्या फुटबॉलप्रेमींच्या दारात आला.

मुंबईने हा वाद त्याआधी कितीतरी वर्षे क्रिकेटच्या निमित्ताने अनुभवला होता. तेथे लिलाव नव्हता, निवडीच्या हक्कांची देवघेव नव्हती. होती ती एक निवड समिती, आणि तिच्या अध्यक्षाच्या हाती असलेले एक जादा मत. ते मत ज्यांनी वापरले त्या विजय मर्चंट यांचे आयुष्य पाहिले, तर त्या मतामागे किती वर्षांचा अनुभव साठला होता याची कल्पना येते.

विजय माधवजी मर्चंट यांचा जन्म १२ ऑक्टोबर १९११ रोजी मुंबईत, ठाकरसी या गिरणीमालक घराण्यात झाला. शाळेत वडिलांचा व्यवसाय विचारला असता दिलेले ‘मर्चंट’ हे उत्तर इंग्रज शिक्षिकेने आडनाव समजून लिहून घेतले आणि तेच कायम झाले, असे सांगितले जाते. सिडनहॅम महाविद्यालयातून ते हिंदूंच्या संघात आणि चौरंगी सामन्यांत आले. १९३२ मध्ये भारताचा पहिला कसोटी संघ इंग्लंडला निघाला, तेव्हा राष्ट्रीय नेते तुरुंगात होते. तरुण मर्चंट यांनी त्या दौऱ्याकडे पाठ फिरवली. पहिल्याच कसोटीत खेळण्याची संधी त्यांनी अशी स्वतःहून सोडली.

डिसेंबर १९३३ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर भारतभूमीवरील पहिली कसोटी झाली आणि मर्चंट यांनी त्यात पदार्पण केले. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांना भारतीय क्रिकेटची दुसरी बाजू दिसली. कर्णधारपद विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे गेले होते ते फलंदाजीच्या बळावर नव्हे, तर संपत्ती आणि वजन यांच्या जोरावर. लाला अमरनाथ यांच्यासारख्या खेळाडूला दौऱ्याच्या मध्यातच मायदेशी धाडण्यात आले. अशा वातावरणात मर्चंट यांनी मँचेस्टरच्या कसोटीत मुश्ताक अली यांच्यासह २०३ धावांची सलामी दिली. दोघांनीही शतके काढली. धावा कोण करतो आणि मान कोणाला मिळतो, यातील अंतर त्यांनी ऐन पंचविशीत पाहिले.

दुसरे महायुद्ध नसते तर त्यांच्या नावावर किती कसोटी सामने लागले असते, हा क्रिकेटप्रेमींच्या आवडीचा विषय आहे. युद्धाच्या काळात ते पंचरंगी आणि रणजी सामन्यांत धावांचे डोंगर रचत राहिले. १९४३-४४ च्या हंगामात महाराष्ट्राविरुद्ध त्यांनी नाबाद ३५९ धावा केल्या. विजय हजारे यांच्याशी त्यांची चाललेली चढाओढ त्या वर्षांत मुंबईकरांच्या रोजच्या बोलण्याचा भाग झाली होती. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये त्यांची सरासरी ७१.६४ राहिली. त्यांच्या पुढे डॉन ब्रॅडमन यांचेच नाव घेतले जाते. अठरा वर्षांच्या काळात वाट्याला आलेल्या कसोटी मात्र अवघ्या दहा.

१९४६ मध्ये भारतीय संघ पुन्हा इंग्लंडला गेला. कर्णधारपदासाठी मर्चंट यांचे नाव होते. ते मिळाले थोरल्या नवाब पतौडींना. मर्चंट उपकर्णधार म्हणून गेले आणि दौऱ्यात त्यांनी २३८५ धावा केल्या. ओव्हलच्या कसोटीत १२८ धावांवर ते धावबाद झाले ते चक्क फुटबॉलच्या पायाने. आर्सेनल संघातून फुटबॉल खेळणाऱ्या डेनिस कॉम्प्टन यांनी हाताने चेंडू न उचलता पायाने लाथाडून यष्ट्यांचा वेध घेतला होता. पुढे १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी कर्णधारपद चालून आले, तेव्हा प्रकृतीने साथ दिली नाही. नोव्हेंबर १९५१ मध्ये, वयाची चाळिशी ओलांडल्यावर, दिल्लीत इंग्लंडविरुद्ध त्यांनी १५४ धावा काढल्या. त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना खांद्याला दुखापत झाली आणि ते निवृत्त झाले. शेवटच्या कसोटी डावात कसोटी कारकिर्दीतील सर्वोच्च धावसंख्या करून बाजूला होणारे खेळाडू थोडेच. खेळाडूने लोकांना कंटाळा येण्याआधी, त्यांना चुटपुट लागेल अशा वेळी जावे, असे त्यांचे मत होते. ते पुढे इतरांच्या बाबतीत लागू करण्याची वेळ त्यांच्यावरच येणार होती.

साठच्या दशकाच्या अखेरीस मर्चंट निवड समितीचे अध्यक्ष झाले. भारतीय संघात तेव्हा मोठ्या नावांची वाण नव्हती, पण विजय दुर्मीळ होते. कर्णधार होते मन्सूर अली खान पतौडी. अपघातात एका डोळ्याची दृष्टी अधू झाल्यानंतरही वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांनी भारताचे नेतृत्व स्वीकारले होते आणि १९६८ मध्ये न्यूझीलंडमध्ये भारताला परदेशातील पहिला मालिकाविजय मिळवून दिला होता. त्यांच्यासारखा लोकप्रिय खेळाडू देशात दुसरा नव्हता.

१९६९ च्या हंगामात मर्चंट यांनी नवोदितांसाठी दरवाजे उघडले. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या आठ कसोटींत चेतन चौहान, अशोक मांकड, एकनाथ सोलकर, गुंडाप्पा विश्वनाथ, मोहिंदर अमरनाथ अशी नवी नावे झळकली. त्यासाठी जुन्यांना जागा मोकळी करावी लागली. पुण्याचे चंदू बोर्डे ५५ कसोटी खेळलेले, भारताचे नेतृत्वही केलेले फलंदाज. नोव्हेंबर १९६९ मधील ब्रेबॉर्नवरची कसोटी त्यांची अखेरची ठरली. हनुमंत सिंग आणि रुसी सुर्ती यांच्याही कारकिर्दी त्याच हंगामात संपल्या.

या धोरणाची तातडीची फळे कडू होती. न्यूझीलंडविरुद्धची मालिका बरोबरीत सुटली तीही हैदराबादेत पाऊस मदतीला आला म्हणून. ऑस्ट्रेलियाने ३-१ अशी मालिका जिंकली. विश्वनाथ यांनी कानपूरला पहिल्या डावात भोपळा फोडला नाही, पण दुसऱ्या डावात १३७ धावा केल्या आणि पुढे ते ९१ कसोटी खेळले. सर्वांचे नशीब तसे नव्हते. अजित पै यांना एकच कसोटी मिळाली, अशोक गंडोत्रा यांना दोन, अंबर रॉय यांना चार. मोहिंदर यांना एका कसोटीनंतर पुनरागमनासाठी १९७६ उजाडावे लागले. ड्राफ्टच्या बाजारातही असेच होते. हाती येणारा प्रत्येक हक्क म्हणजे खेळाडू नव्हे, केवळ शक्यता असते. दहांतील दोन-तीन रुजल्या तरी माळी नशीबवान.

जानेवारी १९७१ मध्ये वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी कर्णधार निवडायची वेळ आली. समितीची मते समसमान पडली. मर्चंट यांनी अध्यक्षाचे निर्णायक मत अजित वाडेकर यांच्या पारड्यात टाकले आणि पतौडी पायउतार झाले. त्यांनी दौऱ्यासाठी आपण उपलब्ध नसल्याचे कळवले. देशभर खळबळ उडाली. १९४६ मध्ये वडिलांमुळे हुकलेल्या कर्णधारपदाचा हिशेब मर्चंट यांनी पंचवीस वर्षांनी मुलाकडून चुकता केला, अशी कुजबुज सुरू झाली. मुंबईकराने मुंबईकराला निवडले, असाही आक्षेप आला.

मर्चंट यांच्या मनात काय होते, हे कोण सांगणार? जे घडले त्यावरून मात्र काही गोष्टी दिसतात. हा निर्णय वयाचा नव्हता. वाडेकर पतौडींपेक्षा जेमतेम तीन महिन्यांनी लहान होते. नवोदितांच्या धोरणाला पतौडींचा विरोध होता असेही नव्हे. १९६९ चे नवे खेळाडू त्यांच्याच नेतृत्वाखाली मैदानात उतरले होते. निर्णय होता तो एका ताऱ्याभोवती बांधलेला संघ पुढे चालू ठेवायचा, की नव्या खेळाडूंना नव्या हाताखाली द्यायचे, याचा. एका बाजूला नवाबाचे वलय होते, दुसऱ्या बाजूला बँकेत नोकरी करणारा, मुंबईला रणजी विजेतेपदांची सवय लावलेल्या संघाचा अबोल कर्णधार. चुकीचा ठरला असता, तर हा निर्णय मर्चंट यांच्या नावाला जन्मभर चिकटला असता.

दौऱ्याच्या पहिल्याच कसोटीत, किंग्स्टनला, तशी चिन्हे दिसू लागली. भारताची अवस्था ५ बाद ७५. खेळपट्टीवर होते दिलीप सरदेसाई आणि एकनाथ सोलकर. सरदेसाई तिशीचे, कारकीर्द संपल्यातच जमा झालेले. त्यांना संघात घेण्यासाठी वाडेकर यांनी आग्रह धरला होता. सोलकर बावीस वर्षांचे, हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचा मुलगा. त्याच जिमखान्याच्या नावाशी गिरणीमालकाच्या मुलाचे, विजय मर्चंट यांचे, क्रिकेट जोडलेले होते. या जोडीने १३७ धावांची भागीदारी केली. सरदेसाई यांनी २१२ धावा काढल्या, सोलकर यांनी ६१. भारताने वेस्ट इंडिजला फॉलोऑन दिला आणि मालिकेचा नूरच पालटला.

दुसऱ्या कसोटीत, पोर्ट ऑफ स्पेनला, एकवीस वर्षांच्या सुनील गावस्कर यांनी पदार्पण केले. भारताने तो सामना सात गडी राखून जिंकला; वेस्ट इंडिजवरील तो पहिला कसोटी विजय. गावस्कर यांनी चार कसोटींत ७७४ धावा केल्या, सरदेसाई यांनी पाच कसोटींत ६४२. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओव्हलवर चंद्रशेखर यांनी ३८ धावांत सहा गडी टिपले आणि इंग्लंडमधील मालिकाही भारताने जिंकली.

या यशाचे सारे श्रेय नवोदितांच्या धोरणाला देण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. गावस्कर आणि सोलकर हे उद्याचे खेळाडू होते, पण ५ बाद ७५ वरून डाव सावरणारा हात कालच्या खेळाडूचा होता. किंग्स्टनला तराजूची दोन्ही पारडी एकाच खेळपट्टीवर उभी होती आणि एकाविना दुसऱ्याचे चालले नसते. मर्चंट यांनी भविष्याची बाजू उचलून धरली. वाडेकर यांनी तिला अनुभवाची जोड दिली. कर्णधार बदलण्याचा निर्णय फळला तो यामुळेही. पुढे पतौडी १९७२-७३ मध्ये वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली खेळले. १९७४ मध्ये इंग्लंडमध्ये ३-० असा पराभव झाल्यावर वाडेकर यांचे पर्व संपले आणि कर्णधारपद पुन्हा पतौडींकडे आले. तराजू कोणाच्याही बाजूला कायम झुकत नाही.

निवड समितीतून बाहेर पडल्यावर मर्चंट रविवारच्या दुपारी विविध भारतीवरून क्रिकेटबद्दल बोलत. अंध आणि अपंग व्यक्तींना रोजगार मिळावा, त्यांना सन्मानाने उभे राहता यावे, यासाठी त्यांनी आयुष्याचा मोठा भाग वेचला. २७ ऑक्टोबर १९८७ रोजी त्यांचे निधन झाले. सोळा वर्षांखालील मुलांच्या राष्ट्रीय स्पर्धेला त्यांचे नाव दिले गेले. बोरिवली, मुलुंड, घाटकोपरहून पहाटेच्या लोकलने किटबॅग सांभाळत आझाद मैदान गाठणाऱ्या मुलांना मर्चंट हे नाव प्रथम कळते ते या करंडकामुळे.

याच उपनगरांनी हा जुना प्रश्न ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा पाहिला. बोरिवलीत वाढलेल्या रोहित शर्मा यांनी त्याच वर्षी मार्चमध्ये भारताला चॅम्पियन्स करंडक जिंकून दिला होता. तरीही मुंबईच्याच अजित आगरकर यांच्या अध्यक्षतेखालील निवड समितीने एकदिवसीय संघाचे नेतृत्व शुभमन गिल यांच्याकडे सोपवले. बोरिवलीच्या अनेक घरांत त्या दिवशी हळहळ व्यक्त झाली असेल. १९७१ मध्ये पतौडींच्या चाहत्यांना काय वाटले असेल, याची कल्पना त्या घरांना सहज येईल. वानखेडे स्टेडियमवर आज मर्चंट, वाडेकर, गावस्कर आणि रोहित शर्मा ही चारही नावे प्रेक्षागृहांना दिलेली आहेत. निवडणारा, निवडला गेलेला, उद्याचा म्हणून आलेला आणि ज्याच्या हातून नेतृत्व काढून घेतले गेले तो, असे चौघेही तेथे एकाच मैदानाकडे तोंड करून आहेत.