‘तार :’पुढचा तो एकच शब्द आणि भारतात तार आणणारा डॉक्टर

जुन्या पेढ्यांच्या बिलांवर, लेटरहेडवर पत्त्याखाली ‘तार :’ असे लिहून पुढे एकच शब्द छापलेला असे. तो तारेचा नोंदणीकृत संक्षिप्त पत्ता. समजा, रत्नागिरीतल्या आंबा व्यापाऱ्याने तारघरात फी भरून ‘हापूस’ हा शब्द नोंदवला, तर मुंबईच्या दलालाला ‘हापूस रत्नागिरी’ एवढ्यावर भाव कळवता येई. त्या तारघरात तोच शब्द दुसऱ्या कुणाला मिळत नसे. मुदत संपली की फी पुन्हा भरायची.

एवढा खटाटोप कशासाठी? तारेत पत्त्यातल्या शब्दांचेही पैसे पडत. फेब्रुवारी १८५५ मध्ये तार सर्वांसाठी खुली झाली, तेव्हाचा दर होता ४०० मैलांपर्यंत १६ शब्दांना १ रुपया, तोही पत्ता धरून. त्या काळी १ रुपया म्हणजे लहान रक्कम नव्हे.

ही तार उभी केली विल्यम ब्रूक ओशॉनेसी यांनी. आयर्लंडमधल्या लिमरिकचे हे गृहस्थ पेशाने डॉक्टर. पटकीच्या रुग्णांच्या रक्तातून पाणी आणि क्षार कमी होतात, हे त्यांनी तरुणपणीच दाखवले. आजच्या सलाईनचे मूळ तिथे सापडते. १८३३ मध्ये ते कंपनी सरकारच्या नोकरीत आले, कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागले. भांग-गांजाच्या औषधी उपयोगावरही त्यांनी लिहिले.

तारेचा नाद लागला तो १८३९ मध्ये. कोलकात्याजवळच्या वनस्पती उद्यानात बांबूंवर सुमारे २१ मैल तार ताणून त्यांनी संदेश पाठवले. विजेचा झटका बोटाला जाणवला की खूण ओळखायची, अशी ती पद्धत! सरकारने मात्र दहा वर्षे फारसे लक्ष दिले नाही. अखेर कोलकाता ते डायमंड हार्बर ही लाइन झाली आणि १८५२ मध्ये ब्रह्मदेशाच्या युद्धात रंगून पडल्याची बातमी तिच्यावरून कोलकात्यात पोहोचली. गव्हर्नर जनरल डलहौसींना तारेचे मोल पटले. (त्याच ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा १८८५ मध्ये पदच्युत झाला आणि रत्नागिरीत नजरकैदेत राहिला.)

मग कामाला वेग आला. कोलकाता-आग्रा ही सुमारे ८०० मैलांची तार मार्च १८५४ मध्ये जोडली गेली. पाठोपाठ मुंबई, मद्रास. १८५६ मध्ये ओशॉनेसींना ‘सर’ किताब मिळाला. संक्षिप्त पत्त्यांचे नियम त्यांचे नव्हेत, ते पुढे तार खात्याने केले. शब्द मोजून पैसे घेण्याची रीत मात्र त्यांच्याच काळातली.

१८६१ मध्ये त्यांनी नाव बदलून ओशॉनेसी ब्रूक असे केले. विज्ञानाकडे ते पुन्हा वळले नाहीत. १८८९ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. भारतातील तारसेवा १४ जुलै २०१३ च्या रात्री थांबली, आणि नोंदवलेल्या पत्त्यांचाही उपयोग संपला.