लक्ष्मणराव किर्लोस्कर : विस्तारामागचे मन

सोनीपत वा पलवलच्या बाजूला शेतांमधून जाताना विहिरीवरच्या पंपावर कधीकधी ‘किर्लोस्कर’ हे नाव दिसते. ते वाचताना दिल्लीकर मराठी माणसाला किंचित अभिमान वाटतो. ते नाव इथवर पोहोचवणाऱ्या उद्योगाचा आरंभ ज्यांनी केला, त्या लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्करांचे चरित्र आज पुन्हा आठवण्याचे कारण वेगळे आहे. आपल्या शाळेचे कित्येक माजी विद्यार्थी ओखला, फरिदाबाद, नोएडा येथे स्वतःचे उद्योग चालवितात. आहे तो व्यवसाय नीट चालू असताना तो आणखी का वाढवावा, हा प्रश्न त्यांना कधी ना कधी पडतोच. लक्ष्मणरावांच्या आयुष्यात त्याचे उत्तर वयाबरोबर बदलत गेलेले दिसते.

२० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे त्यांचा जन्म झाला. पाठांतराचा कंटाळा आणि चित्रकलेची ओढ यांमुळे १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंग आपल्या डोळ्यांना ओळखता येत नाहीत, हे तेथे ध्यानी आले आणि चित्रकार होण्याचे स्वप्न विरले. मग त्यांनी यंत्रांची रेखाटने शिकून घेतली व व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी धरली. हक्काची बढती मात्र त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला मिळाली. तो अपमान त्यांनी गिळला नाही. राजीनामा देऊन ते बेळगावला परतले. तेथे वडीलबंधू रामूअण्णांसह त्यांचे सायकलींचे दुकान होतेच. आपल्या कर्तृत्वाचे मोल दुसऱ्याच्या मर्जीवर ठरू नये, ही इच्छा त्यांच्या उद्योजकतेच्या मुळाशी होती.

केवळ पैसा हवा असता तर सायकलींवर भागले असते. लक्ष्मणरावांना मात्र स्वतः घडविलेली वस्तू हवी होती. त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले, आणि मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर सुमारे दोन वर्षे पडून राहिले. तरीही त्यांनी ते काम सोडले नाही. आपण केलेली वस्तू उपयोगी आहे, हे शेतकऱ्याच्याच वावरात सिद्ध व्हावे, हा त्यांचा ध्यास होता.

मागणी वाढू लागली तोच नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडावयास सांगितले. दुसऱ्याच्या जागेवरील उद्योग किती पराधीन असतो, ते त्या दिवसांत उमगले. या संकटात औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. त्यांनी दहा हजार रुपये कर्जाऊ दिले आणि कुंडल रोड स्थानकानजीक ३२ एकर जमीन दिली. सर्वत्र निवडुंग, सापांचा सुळसुळाट आणि पाण्याची वाण! १९१० मध्ये मूठभर सहकारी कुटुंबांसह ते तेथे राहावयास गेले. तीच किर्लोस्करवाडी.

येथून पुढे विस्ताराची प्रेरणाच पालटली. आता त्यांच्यावर विसंबून अनेक चुली होत्या. लक्ष्मणरावांनी कामगारांसाठी घरे व शाळा उभारल्या, अस्पृश्यता वाडीबाहेर ठेवली आणि तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांच्या हाती पहाऱ्याचे काम विश्वासाने सोपविले. माणसे वाढली म्हणून काम वाढवावे लागले आणि काम वाढले म्हणून आणखी माणसे आली. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी स्थापन झाली. नांगरांच्या जोडीला पंप तयार होऊ लागले.

मालकाच्या मनाची खरी कसोटी याच्या पुढे लागते. जे आपण उभे केले, त्याचा आकार दुसऱ्या कोणी ठरवावा, हे सहजी सोसवत नाही. लक्ष्मणरावांनी चिरंजीव शंतनुरावांना अमेरिकेत एम. आय. टी. येथे शिक्षणास धाडले होते. परतलेल्या पुत्राची झेप वाडीच्या कुंपणाबाहेरची होती. वडिलांनी ती रोखली नाही. १९४१ मध्ये हरिहरला आणि १९४६ मध्ये बंगळूर व पुणे येथे नवे उद्योग सुरू झाले. वाडी हे लक्ष्मणरावांच्या हातांनी वसविलेले विश्व होते. तिच्यापलीकडे जाणारा विस्तार स्वीकारताना त्यांना आपला हात सैल करावा लागला.

१९४८ च्या प्रारंभी, गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत, वाडीचा कारखानाही सापडला. त्यावेळी लक्ष्मणराव अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. एवढ्या वयात राखेकडे पाहून सारे आवरते घेतले असते, तरी कोणी दोष दिला नसता. पण तेथे राबणाऱ्यांना उद्या काम हवे होते. कारखाना पुन्हा उभा राहिला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. अपमानातून जन्मलेली जिद्द, घडविण्याचा आनंद, पराधीनतेची धास्ती आणि शेवटी आश्रितांची जबाबदारी, अशा पायऱ्यांनी त्यांचा उद्योग वाढत गेला. यांतील कोणतीही प्रेरणा हलकी नाही. मात्र पहिल्याच पायरीवर जो थांबतो, त्याच्या उद्योगाला स्वतःच्या मानापलीकडे काही ध्येय उरत नाही. आपल्यापैकी जे नवी जागा, नवे यंत्र, नवे कर्ज घेण्याच्या विचारात असतील, त्यांनी आपण आज कोणत्या पायरीवर उभे आहोत, हे एकदा मनाशी पडताळून पाहावे.