परवान्यासाठी परभाषा : बेसी कोलमन

विमान चालवायला शिकायचे म्हणून एखाद्याने आधी परकी भाषा शिकायला घेतली, असे सांगितले तर कुणालाही तो द्राविडी प्राणायाम वाटेल. अमेरिकेतील शिकागो शहरी राहणाऱ्या बेसी कोलमनला मात्र याखेरीज दुसरी वाटच नव्हती.

बेसीचा जन्म २६ जानेवारी १८९२ रोजी टेक्सास राज्यातील अ‍ॅटलांटा या लहानशा गावी झाला. तेरा भावंडांतली ती दहावी. कुटुंब कृष्णवर्णीय, वडिलांच्या घराण्यात मूळच्या इंडियन जमातीचेही रक्त होते. टेक्सासात काळ्या माणसाला मानाने जगणे अशक्य झाले, तेव्हा १९०१ साली वडील इंडियनांच्या मुलखात निघून गेले. आई मुलांना घेऊन वॉक्सहॅचीलाच राहिली. शाळा एका खोलीची, तीही चार मैलांवर. कापूस वेचणीचा हंगाम आला की तिला कुलूप. पुढे धुणी धुऊन साठवलेल्या पैशांवर बेसीने ओक्लाहोमातील लँग्स्टनच्या विद्यालयात नाव घातले. एका सत्रात पैसे संपले आणि ती घरी परतली.

१९१५ च्या सुमारास ती शिकागोला भावांकडे आली. तिथे पुरुषांच्या केशकर्तनालयात गिऱ्हाइकांच्या नखांची निगा राखण्याचे काम तिला मिळाले. तिचा भाऊ जॉन पहिल्या महायुद्धात फ्रान्सला जाऊन आला होता. फ्रान्समधल्या बायका विमाने उडवतात, तुम्हांला ते या जन्मी जमायचे नाही, असे तो बहिणीला चिडवी. भावाने थट्टा केली. बहिणीने ती मनावर घेतली.

पण शिकवणार कोण? एक तर वर्ण काळा, त्यात बाईमाणूस. अमेरिकेत तिला कुणी दारात उभे करीना. तेव्हा ‘शिकागो डिफेंडर’ या वृत्तपत्राचे चालक रॉबर्ट अ‍ॅबट यांनी तिला फ्रान्सला जाण्याचा सल्ला दिला. पैशांची थोडी सोयही केली. तिथे अर्जसुद्धा फ्रेंचमध्येच करायचा, म्हणून पोटाचा उद्योग सांभाळून बेसी बर्लिट्झच्या वर्गात फ्रेंच शिकू लागली. तेव्हा तिचे वय अठ्ठावीसच्या आसपास होते. हौसेने परभाषेच्या वर्गात नाव घालून दुसऱ्या महिन्यात पाठ फिरवणाऱ्यांना (प्रस्तुत लेखक त्यांतलाच) या वयातली ही चिकाटी थोडी बोचेल.

२० नोव्हेंबर १९२० रोजी ती बोटीने निघाली. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर ल क्रोत्वा येथे कोद्रों बंधूंची उड्डाणशाळा होती. न्यूपोर बनावटीचे ते दुपंखी विमान म्हणजे लाकूड, तारा आणि कापड यांचा सांगाडा. त्याला चाकासारखे सुकाणू नाही की ब्रेक नाहीत. हाताशी एक दांडा, पायाखाली एक आडवी पट्टी. एक सहाध्यायी अपघातात मेला, तोही तिच्या डोळ्यांदेखत. तरीही अमेरिका सोडल्यापासून सात महिन्यांच्या आत, १५ जून १९२१ रोजी, तिच्या हाती आंतरराष्ट्रीय विमानचालक परवाना पडला. असा परवाना मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री. परवान्यावर जन्मसाल मात्र १८९६ पडले आहे. चार वर्षे तिने सोयीस्करपणे गाळली असावीत!

सप्टेंबरमध्ये ती मायदेशी परतली. वर्तमानपत्रांत नाव झाले, पण नोकरी कुठली? उतारूंची नियमित वाहतूक अमेरिकेत अजून रुजायची होती. विमानावर पोट भरायचे तर गर्दीपुढे कसरती करायच्या, आणि त्या शिकवायलाही पुन्हा कुणी तयार नव्हते. म्हणून फेब्रुवारी १९२२ मध्ये ती परत युरोपात गेली. फ्रान्समध्ये पुढले शिक्षण घेतले, हॉलंडमध्ये विमाने बांधणाऱ्या फोकरची भेट घेतली, जर्मनीतही सराव केला.

३ सप्टेंबर १९२२ रोजी न्यूयॉर्कजवळ तिचे पहिले प्रदर्शन झाले. पुढल्याच वर्षी कॅलिफोर्नियात जुने विमान कोसळून पाय आणि बरगड्या मोडल्या. बरी होऊन ती पुन्हा उडू लागली. वॉक्सहॅचीच्या प्रदर्शनाला गोऱ्या-काळ्यांसाठी वेगळी प्रवेशद्वारे ठेवली होती. दार एकच हवे, नाहीतर मी उडणार नाही, असे तिने बजावले. दार एक झाले, आतल्या जागा मात्र वेगळ्याच राहिल्या. एका चित्रपटात फाटक्या वेषात यायला सांगितले, तेव्हा तिने ते काम सोडून दिले. पैशांची नड असताना हे सोपे नव्हते. मिळकतीतून तिला काळ्या मुलामुलींसाठी उड्डाणशाळा काढायची होती.

३० एप्रिल १९२६ रोजी फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिल येथे दुसऱ्या दिवशीच्या प्रदर्शनाची जागा पाहायला ती वर गेली. विमान तिचा यंत्रज्ञ विल्यम विल्स चालवत होता. खाली नीट वाकून पाहता यावे म्हणून तिने पट्टा बांधला नव्हता. विमान एकाएकी सूर मारून गिरक्या घेऊ लागले आणि बेसी बाहेर फेकली गेली. विल्सही वाचला नाही. मोडक्या सांगाड्यात, यंत्राच्या दात्यांत, अडकलेला एक पाना सापडला.

तिची शाळा तिच्या हातून झाली नाही. १९२९ साली लॉस एंजेलिसमध्ये विल्यम पॉवेल यांनी तिच्या नावाने क्लब काढला आणि काळ्या तरुणांना विमान शिकवायला आरंभ केला. तिथल्या विद्यार्थ्यांना त्यासाठी फ्रेंच शिकावे लागले नाही.