बोटांनी वाचणाऱ्यांचा हक्क

संगणकावर ई-पुस्तकांची रेलचेल झाली आहे. परंतु ती अंधांना वाचता येतील काय, हा प्रश्न बहुधा पुस्तक तयार झाल्यानंतर, सवडीने विचारला जातो. लुई ब्रेलची सारी झुंज याच सवयीशी होती.

पॅरिसजवळच्या कुव्रे गावी ४ जानेवारी १८०९ रोजी, घोड्यांचे साज बनविणाऱ्या कारागिराच्या घरी त्याचा जन्म झाला. तिसऱ्या वर्षी वडिलांच्या हत्यारांशी खेळताना आरी डोळ्यात घुसली. विकार दुसऱ्या डोळ्यात पसरला आणि पाचव्या वर्षापर्यंत दृष्टी पूर्णपणे गेली. १८१९ मध्ये तो पॅरिसच्या अंधशाळेत आला. तेथील पुस्तकांत डोळसांचीच रोमन अक्षरे कागदावर उठविलेली असत. ग्रंथ अवजड, वाचन मंद, आणि त्या रीतीने स्वहस्ते लिहिणे तर जवळजवळ अशक्य. हेतू उदात्त होता, यात संशय नाही; पण अक्षराचे रूप डोळ्यांच्या सोयीने ठरले होते, बोटांच्या नव्हे.

शार्ल बार्बिए या माजी लष्करी अधिकाऱ्याने बारा ठिपक्यांची पद्धत शाळेपुढे मांडली. ती केवळ ध्वनी टिपणारी; तीत शुद्धलेखन नाही, विरामचिन्हे नाहीत, आणि खूण बोटाच्या एका स्पर्शात मावत नसे. ब्रेलने ठिपके सहावर आणले व त्यांतून ६३ खुणा साधल्या, तेही १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी! १८२९ मध्ये ही पद्धत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पुढे तो त्याच शाळेत शिक्षक झाला. तरीही १८४० नंतर काही वर्षे तेथेच त्याच्या लिपीला बंदी होती. मुले ती चोरून वापरीत राहिली. १८४४ मध्ये शाळेच्या नव्या वास्तूच्या उद्घाटनप्रसंगी तिला जाहीर मान्यता मिळाली. क्षयाने जर्जर झालेला ब्रेल ६ जानेवारी १८५२ रोजी वारला. फ्रान्सने त्याची लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ मध्ये.

आज स्क्रीन रीडर ई-पुस्तक वाचून दाखवितो अथवा ब्रेल पट्टीवर ठिपके उठवितो. अट एवढीच, की पानावर खरी अक्षरे हवीत, पानाचे छायाचित्र नव्हे. परंतु २००९ मध्ये किंडल या वाचनयंत्राची मजकूर बोलून दाखविण्याची सोयदेखील लेखकसंघाच्या आक्षेपानंतर प्रकाशकांच्या मर्जीवर सोडण्यात आली. २०१३च्या माराकेश कराराने अंधांसाठी पुस्तकांचे रूपांतर करण्याची मुभा दिली आणि २०१४ मध्ये त्यास अनुसमर्थन देणारा भारत हा पहिला देश ठरला. तथापि रूपांतराची मुभा मिळाली म्हणजे पुस्तक वाचनीय झाले, असे नव्हे. युनिकोडपूर्व अक्षरसंचात जुळविलेले मराठी पुस्तक संगणकाला आजही निरर्थक रोमन अक्षरांची रांग भासते, आणि स्क्रीन रीडर इमानाने तीच रांग मोठ्याने वाचून दाखवितो.