मेजर थॉमस कँडी : मराठीला विरामचिन्हे देणारा इंग्रज

इंग्रजी लिहिताना तुम्ही पुणे, सोमवार, मराठी हे शब्द स्मॉल लेटरने सुरू करता आणि मग वहीत लाल गोल येतो ना? वाईट वाटून घेऊ नका. आपल्या देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीतच, म्हणून हाताला ती सवय नसते. एका भाषेची सवय दुसरीत शिरतेच. आज ज्यांची ओळख करून घ्यायची आहे, त्या कँडी साहेबांचीही गोष्ट अशीच आहे.

थॉमस कँडी यांचा जन्म १८०४ साली इंग्लंडमध्ये झाला. जॉर्ज हा त्यांचा जुळा भाऊ. थॉमस ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात दाखल झाले आणि इथे येऊन मराठी शिकले. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, त्याच्या कामात दोघे भाऊ होते. मराठी पंडितांच्या शेजारी बसून, एकेक शब्द विचारून हे काम चालायचे. पुढे मोल्सवर्थ यांनी सुरू केलेला इंग्रजी-मराठी कोश कँडींनी पुरा केला. तो १८४७ साली प्रसिद्ध झाला.

पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा भरायची. तिचा कारभार कँडींकडे आला. सरकारी भाषांतरे आणि शाळेची पुस्तके तपासण्याचे कामही त्यांनी वर्षानुवर्षे केले.

आता थोडी कल्पना करा. जुन्या पोथ्यांत शब्द एकमेकांना चिकटलेले. मोडीत तर आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरे लिहीत जायची. दंड सोडला तर थांबायचे कुठे हे वाचणाऱ्यानेच ठरवायचे! कँडींनी १८५० मध्ये विरामचिन्हांवर मराठीत छोटे पुस्तक काढले. तुम्ही सहज देता तो स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह मराठीत रुळले त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. चिन्हे आली, पण कॅपिटल लेटर काही आले नाही, कारण आपल्या लिपीत त्याला जागाच नव्हती.

एवढी मेहनत करूनही कँडींनी तपासलेल्या मराठीला इंग्रजी वळण लागते, अशी तक्रार पुढच्या मराठी लेखकांनी केलीच. म्हणजे चूक तुमच्यासारखीच, फक्त उलट दिशेने! आपण मराठीत एखाद्या गोष्टीविषयी चर्चा करतो, म्हणून इंग्रजीत 'डिस्कस'पुढे 'अबाउट' जोडतो. 'परत येणे' डोक्यात असते, म्हणून 'रिटर्न'पुढे 'बॅक' लावतो. दोन्ही ठिकाणी तो जादा शब्द नको.

कँडी १८७७ मध्ये महाबळेश्वरला वारले. परकी भाषा शिकताना विचारायला त्यांना कमीपणा वाटला नाही. तुम्हीही लाजू नका.

आता एवढे कराच. इंग्रजी निबंध लिहून झाला की फक्त कॅपिटलसाठी एकदा वाचा : वाक्याची सुरुवात, माणसांची व गावांची नावे, वार, महिने, भाषांची नावे आणि 'मी' या अर्थाचा 'आय'. ऋतूंची नावे मात्र स्मॉलच ठेवा. लाल गोल आपोआप कमी होतील.