रिचर्ड लिडेकर : भारताच्या लुप्त समुद्रांचे अभ्यासक

बराकपूर : कोलकात्याच्या उत्तरेस हुगळीकाठी वसलेल्या बराकपूर येथे गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्राणिसंग्रह उभारला. तेथील जिवंत पशुपक्ष्यांच्या अभ्यासाची जबाबदारी फ्रान्सिस बुकॅनन यांच्याकडे होती. त्याच शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्यात नामशेष प्राण्यांच्या अभ्यासाला वाहून घेतले ते रिचर्ड लिडेकर यांनी.

लंडन येथे २५ जुलै १८४९ रोजी जन्मलेल्या लिडेकर यांनी केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात निसर्गविज्ञानाचे शिक्षण घेतले. १८७४ मध्ये ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात रुजू झाले. काश्मीरच्या पर्वतरांगांची पाहणी करीत असतानाच, देशभरातून जमा झालेल्या जीवाश्मांचे वर्गीकरणही त्यांनी केले. जबलपूरच्या मणक्यांवरून १८७७ मध्ये त्यांनी टायटॅनोसॉरस इंडिकस या डायनासोरचे नामकरण केले. १८७९ मध्ये त्यांनी तत्कालीन त्रिचनापल्ली जिल्ह्यात सापडलेल्या मोजक्या मणक्यांना इक्थिओसॉरस इंडिकस हे नाव दिले.

इक्थिओसॉर हे सागरी सरीसृप. त्यांचे पूर्वज जमिनीवर वावरत. समुद्रात परतल्यावर त्यांच्या पायांची वल्ही झाली आणि शरीर माशासारखे निमुळते बनले. श्वासासाठी मात्र त्यांना पाण्याबाहेर यावेच लागे. त्यांचे मणके सोंगटीसारखे चपटे आणि दोन्ही बाजूंनी खोलगट असतात. त्यामुळे एखाद्या मणक्यावरूनही त्यांचा गट ओळखता येतो.

जात ठरविण्यास मात्र तेवढा पुरावा पुरत नाही. त्यामुळे लिडेकर यांनी दिलेली ही दोन्ही नावे पुढे संशोधकांनी संदिग्ध ठरविली. तरीही सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी दक्षिण भारताच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रात इक्थिओसॉर वावरत होते, हा त्या मणक्यांतून निघालेला निष्कर्ष कायम राहिला.

लिडेकर १८८२ मध्ये मायदेशी परतले. ब्रिटिश संग्रहालयातील जीवाश्म सस्तन प्राणी, सरीसृप आणि पक्षी यांची दहा खंडांची सूची त्यांनी सिद्ध केली. १६ एप्रिल १९१५ रोजी त्यांचे निधन झाले.

कच्छमध्ये सापडलेल्या, सुमारे साडेपाच मीटर लांबीच्या इक्थिओसॉरच्या जवळजवळ संपूर्ण सांगाड्याचे वर्णन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. लिडेकर यांना हाती न लागलेला भक्कम पुरावा त्यांच्या नोंदीनंतर १३८ वर्षांनी भारतीय आणि जर्मन संशोधकांनी जगापुढे मांडला.